मुक्या रुग्णांचा दवाखाना



या व्याख्यानासाठी मला पाचारण केल्याबद्दल मी शाळेचा ऋणी आहे. या व्यासपीठावरून आजवर संतवाङ्मय, इतिहास, शिक्षण, संगीत अशा विषयांवर विद्वानांची भाषणे झाली आहेत. मी आयुष्यभर मराठीचे अध्यापन केले. तेव्हा मीही एखादा वाङ्मयीन विषय निवडीन अशी पुष्कळांची अपेक्षा असणार. परंतु ज्यांचे आपण आज स्मरण करीत आहोत ते याच शाळेचे विद्यार्थी आणि व्यवसायाने पशुवैद्य होते. चाळीस वर्षे त्यांनी आपल्या बडोदे शहरात आणि भोवतालच्या खेड्यांत गाई-म्हशी, घोडे, कुत्री-मांजरे तपासली. त्यांच्याच आग्रहामुळे सेवानिवृत्तीनंतर नऊ वर्षे एका धर्मादाय पशुरुग्णालयाच्या व्यवस्थापन समितीवर काम करण्याची संधी मला मिळाली. औषधोपचार हा माझा प्रांत नव्हे. माझ्याकडे सोपविलेले काम नोंदवह्यांचे, पत्रव्यवहाराचे आणि कर्मचाऱ्यांच्या गाऱ्हाण्यांचे होते. त्या अनुभवाच्या आधारे पशुवैद्यकीय दवाखान्याचा दैनंदिन कारभार आणि तो चालविणारी माणसे हा विषय मी आज आपल्यापुढे मांडणार आहे.

प्रथम या दवाखान्याचे वेगळेपण काय ते पाहू. माणसांच्या दवाखान्यात रुग्ण सांगतो, ‘डॉक्टर, इथे दुखते.’ पशुवैद्याचा रुग्ण काही सांगत नाही. त्याच्या वतीने दुसऱ्या कोणाला तरी बोलावे लागते. घरी असताना मालक बोलतो. दवाखान्यात दाखल केल्यावर हे काम परिचराकडे येते. गाईने रात्री रवंथ केला की नाही, कुत्र्याने पाणी प्याले की नुसते तोंड लावले, मांजर कोपऱ्यात तोंड घालून बसले आहे काय, हे दिवसातून दोनदा फेरी मारणाऱ्या डॉक्टरांपेक्षा चारा घालणाऱ्या आणि पिंजरा धुणाऱ्या माणसाला अधिक ठाऊक असते. त्याला दिसलेली गोष्ट डॉक्टरांपर्यंत शब्दांत, वेळेवर आणि न बदलता पोहोचावी अशी सोय करणे, हे मला या व्यवस्थापनाचे मुख्य काम वाटते. बाकीच्या गोष्टी त्यामागून येतात.

हा विचार आपल्याला नवा आहे असे नाही. छत्रपती शिवाजी महाराजांनी सोळाशे सत्तरच्या दशकात चिपळूणजवळ छावणीस असलेल्या घोडदळाच्या जुमलेदार-हवालदारांना लिहिलेले एक पत्र मराठीच्या अभ्यासकांना सुपरिचित आहे. पत्राचा विषय लढाईचा नाही. पावसाळ्यासाठी साठविलेला दाणावैरण कसा पुरवावा, हा आहे. आज मिळते म्हणून उधळाल, तर ऐन पावसात वैरण संपेल आणि घोडी मरतील. मग ती तुम्हीच मारल्यासारखे होईल, आणि शिपाई रयतेच्या घरी धान्य-भाजी मागत फिरतील, असे महाराज बजावतात. पुढे ते गवताच्या गंजीजवळ विस्तव नेऊ नये, रात्री दिवा जळत ठेवू नये, उंदीर पेटती वात ओढून नेईल, इतक्या बारकाव्यात उतरतात. सभासदाच्या बखरीत पागेची जी व्यवस्था सांगितली आहे तीत पंचवीस घोड्यांमागे एक पाणी देणारा पखालची आणि एक नालबंद नेमलेला आढळतो. राज्यकर्त्याला पाण्याची पखाल वाहणारा माणूसही हिशेबात धरावा लागे, कारण त्याच्यावाचून घोडा उभा राहत नसे. आपण त्या पत्रातील भाषेचा गौरव पुष्कळ केला. त्यातील कारभार मात्र फारसा वाचला नाही.

आता एक घडलेली हकीकत सांगतो. त्या संस्थेचे नाव घेण्याचे कारण नाही. मागच्या पायाला इजा झालेला एक भटका कुत्रा तेथे दाखल होता. संध्याकाळच्या पाळीच्या परिचराला दिसले की कुत्र्याचा खालचा जबडा लोंबतो आहे, लाळ गळते आहे, आणि पाणी पुढे ठेवले तरी त्याला गिळता येत नाही. त्याने घरी जाता जाता नोंदणी कारकुनाला हे तोंडी सांगितले. कारकुनापुढे पावत्यांचा ढीग होता, तो विसरला. सकाळी आलेल्या नव्या मुलाला वाटले, घशात हाड अडकले आहे. त्याने हात तोंडात घातला. दात लागले. दोन दिवसांनी कुत्रा दगावला आणि मेंदूच्या तपासणीत रेबीज निघाला. पिसाळलेला कुत्रा म्हणजे धावून येणारा कुत्रा अशी आपली समजूत असते. परंतु या रोगाचा एक प्रकार असा शांत, लुळा पाडणारा असतो आणि तो हाड अडकल्यासारखाच दिसतो. सुदैवाने मुलाची जखम साबणाने व वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे धुण्यात आली, लस आणि प्रतिद्रव्य, म्हणजे इम्युनोग्लोब्युलिन, त्याच दिवशी मिळाले, आणि तो वाचला. रेबीजची लक्षणे एकदा दिसू लागली की बहुधा कोणी वाचत नाही, हे लक्षात घेतले म्हणजे त्या दिवशी काय पणाला लागले होते ते कळेल.

चौकशी झाली. कारकुनाला काढून टाका असे काही सभासदांचे मत पडले. तेथील ज्येष्ठ पशुवैद्यांनी एकच प्रश्न विचारला: परिचराला ही गोष्ट लिहून ठेवायची असती तर ती त्याने कोठे लिहिली असती? तशी वहीच नव्हती. केस पेपर डॉक्टरांच्या कपाटात कुलूपबंद असत आणि त्यांवर लिहिण्याचा अधिकार परिचराला नव्हता. ज्याने पाहिले त्याला लिहिण्याची मुभा नाही, आणि ज्याला मुभा आहे त्याने पाहिलेले नाही, अशी ती व्यवस्था होती. कारकुनाला काढून ती सुधारली नसती. नवा कारकूनही केव्हातरी विसरलाच असता.

आमच्या रुग्णालयात पाळी बदलताना लिहिण्याची एक वही यानंतर सुरू झाली. सकाळी आठ आणि रात्री आठ या दोन वेळा जाणारा आणि येणारा परिचर प्रत्येक जनावरापुढे एकत्र उभे राहत. किती खाल्ले, पाणी प्याले काय, शेण-लघवी झाली काय, ताप किती, कोणते औषध कधी दिले, आणि वागण्यात काही निराळे दिसले काय, अशी सहा घरे वहीत आखली होती. शेवटी दोघांच्या सह्या. या कामाला पंचवीस मिनिटे लागत. एवढा वेळ फुकट जातो अशी प्रथम कुरकुर झाली. परंतु पाळीची वेळच अर्ध्या तासाने एकमेकींवर चढवून तो वेळ पगारी कामात धरला, तेव्हा कुरकुर थांबली. घरी जाण्याच्या घाईत असलेल्या माणसाकडून विनामोबदला नोंद मागितली, तर तो ‘सर्व ठीक’ एवढे दोनच शब्द लिहितो, असा माझा अनुभव आहे.

मग प्रश्न आला भाषेचा, आणि येथे माझ्यासारख्याचा थोडा उपयोग झाला. डॉक्टर इंग्रजीत लिहीत, कारकून मराठीत, आणि परिचर बहुतेक गुजरातीभाषक. आपण ज्याला घटसर्प म्हणतो त्याला ते गळसूंढो म्हणतात. आपले लाळ-खुरकूत म्हणजे त्यांचे खरवा-मोवासा. फऱ्या म्हणजे गांठियो ताव. पोटफुगी म्हणजे आफरो. आम्ही ठरविले की परिचराने आपल्याच भाषेत, आपल्याच शब्दांत लिहावे, आणि भिंतीवर तीन भाषांतील नावांचा एक तक्ता लावावा. बडोद्यात हे सुचणे स्वाभाविकच होते. याच नगरीत महाराजा सयाजीराव गायकवाडांनी राज्यकारभारातील शब्दांचा अनेकभाषी कोश, ‘श्रीसयाजीशासनशब्दकल्पतरु’, करविला आणि तो १९३१ मध्ये प्रसिद्ध झाला. निरनिराळ्या भाषा बोलणारी माणसे एका कारभारात असली की एका वस्तूला सर्वांनी काय म्हणायचे हे आधी ठरवावे लागते. ज्यांना लिहिता येत नव्हते अशा दोघांसाठी चित्रांचे शिक्के करून घेतले: भरलेली पाटी, अर्धी पाटी, रिकामी पाटी. त्या दोघांच्या नोंदी सर्वांत नियमित असत.

नोंदीनंतर येते अधिकारांची वाटणी. भारतीय पशुवैद्यक परिषद अधिनियम १९८४ चा आहे. त्याप्रमाणे पशुवैद्यकाचा व्यवसाय नोंदणीकृत पशुवैद्यानेच करावयाचा असतो. पदविका किंवा प्रमाणपत्र असलेल्यांना किरकोळ सेवा देता येतात, पण त्या नोंदणीकृत पशुवैद्याच्या देखरेखीखाली आणि निर्देशानुसार. प्रत्यक्षात काय होते? गर्दी वाढते, डॉक्टर बाहेरगावी म्हशीच्या अडलेल्या प्रसूतीला गेलेले असतात, आणि वीस वर्षे दवाखान्यात काढलेल्या ड्रेसरला मालक गळ घालतो, ‘काका, तुम्हीच एक सुई टोचा ना.’ काकांना ते येत असते, हीच अडचण आहे. अशा वेळी त्यांना निव्वळ दटावून भागत नाही. कोणते काम कोणी करावयाचे याची यादी मालकांना दिसेल अशा जागी लावली, म्हणजे नकार देणाऱ्या कर्मचाऱ्याला आधार मिळतो. तो स्वतः वाईट ठरत नाही. शिवाय जे काम त्यांचेच आहे, म्हणजे जनावर धरणे, खोड्यात घेणे, जखम धुणे, त्या कामात त्यांचा शब्द डॉक्टरांनीही मानला पाहिजे. ‘आत्ता हात लावू नका साहेब, हा घोडा लाथ मारणार,’ असे धरणारा म्हणाला की डॉक्टरांनी मागे सरावे. आमचे डॉक्टर नेहमी मागे सरत. त्यामुळे त्यांना माणसे कधी कमी पडली नाहीत.

कर्मचाऱ्यांच्या जिवाची काळजी हा यापुढचा मुद्दा. जनावरांत काम करणाऱ्या प्रत्येकाला, झाडूवाल्यासह, रेबीजची प्रतिबंधक लस आधीच दिलेली असावी. अशी लस घेतलेल्याला पुढे कुत्रा चावला तरी जखम धुवावी लागते आणि लसीच्या दोन मात्रा घ्याव्या लागतात. पण प्रतिद्रव्याची गरज राहत नाही, आणि ते ऐन वेळी मिळेलच असे नसते. गाभडलेल्या गाई-म्हशीची वार उघड्या हातांनी काढू नये, कारण सांसर्गिक गर्भपाताचा, म्हणजे ब्रुसेलोसिसचा, जंतू माणसाला लागतो आणि महिनोमहिने ताप व सांधेदुखी मागे लावतो. वापरलेल्या सुईवर पुन्हा टोपण बसवू नये. ती पांढऱ्या, न टोचणाऱ्या डब्यात टाकावी. जैववैद्यकीय कचऱ्याचे २०१६ चे नियम पशुवैद्यकीय संस्थांनाही लागू आहेत. हातमोजे महाग पडतात असे एक सभासद म्हणाले होते. त्यावर आमचे डॉक्टर शांतपणे म्हणाले, “मग पुढच्या वेळी वार काढायला आपण या.” मोज्यांची मंजुरी त्याच बैठकीत मिळाली.

आता कोठाराकडे वळू. लसी दोन ते आठ अंश सेल्सियस तापमानात ठेवाव्या लागतात. शीतकपाटात लस आणि कर्मचाऱ्यांचे दूध एकत्र ठेवले की दार दिवसातून चाळीस वेळा उघडते. म्हणून लसीचे कपाट वेगळे असावे, दिवसातून दोनदा त्याचे तापमान लिहावे, आणि वीज गेल्यावर काय करावयाचे हे दारावरच लिहून ठेवावे. २०२४ च्या ऑगस्टमध्ये विश्वामित्रीचे पाणी शहरात शिरले तेव्हा वीज आणि तळमजला दोन्ही जातात म्हणजे काय होते, ते आपण सर्वांनी पाहिले. शीतकपाट आणि नोंदवह्या वरच्या मजल्यावर ठेवण्यास खर्च काहीच येत नाही.

कोठारातील एका कुपीचा परिणाम कोठवर जातो याचे उदाहरण गिधाडांचे आहे. १९९० च्या दशकात भारतीय उपखंडातील गिधाडे झपाट्याने नाहीशी होऊ लागली. काही जातींची संख्या ९५ टक्क्यांहून अधिक घटली. डायक्लोफिनॅक हे वेदनाशामक दिलेले जनावर मेल्यावर त्याचे मांस खाणाऱ्या गिधाडांची मूत्रपिंडे निकामी होतात, हे कारण २००४ मध्ये प्रसिद्ध झाले. २००६ मध्ये भारत सरकारने या औषधाचा जनावरांसाठीचा वापर थांबविला. तरी माणसांसाठीच्या मोठ्या कुप्या जनावरांना टोचल्या जात राहिल्या. म्हणून २०१५ मध्ये तीन मिलिलिटरहून मोठ्या कुपीवर बंदी आली. २०२३ मध्ये किटोप्रोफेन आणि एसिक्लोफिनॅक यांवरही जनावरांपुरती बंदी घालण्यात आली. मेलॉक्सिकॅम हे गिधाडांना सुरक्षित असे औषध उपलब्ध आहे. कायदा दिल्लीत होतो. तो पाळला जातो की नाही हे मात्र कंपाउंडर फडताळातून कोणती कुपी उचलतो यावर ठरते. त्याला केवळ ‘हे वापरू नका’ असे सांगू नये, का वापरू नये तेही सांगावे. प्रतिजैविकांचेही तसेच आहे. औषध दिल्यावर ठरावीक काळ दूध विकू नये, ही सूचना मालकाला तोंडी दिली तर तो विसरतो. तारीख घालून चिठ्ठीवर लिहून दिली तर निदान त्याच्या घरात कोणीतरी ती वाचते.

आपल्या शहरातील दवाखान्याची खरी परीक्षा उत्तरायणात होते. १४ आणि १५ जानेवारीला आकाश पतंगांनी भरते आणि काचेच्या मांज्याने पंख कापलेले पक्षी येऊ लागतात. गुजरात सरकारने २०१७ पासून ‘करुणा अभियान’ सुरू केले. नायलॉनच्या मांज्यावर राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने त्याच वर्षी देशभर बंदी घातली. तरीही पक्षी येतातच, आणि ते एकदम येतात. पक्षी पहाटे घरट्यातून निघतात व सायंकाळी परततात; म्हणून गर्दीही दोन लाटांनी येते. हे ठाऊक असताना सर्व कर्मचाऱ्यांना सकाळी दहाला बोलावून दुपारी थकविण्यात अर्थ नसतो. आम्ही पाळ्या त्या दोन लाटांप्रमाणे लावल्या. उत्साही तरुण स्वयंसेवक पुष्कळ येत. त्यांना आधी तीनच गोष्टी शिकवीत असू: पक्षी भोके पाडलेल्या खोक्यात, अंधारात, शांत ठेवा. चोचीत पाणी ओतू नका. पंखात गुंतलेला दोरा ओढू नका. प्रत्येक खोक्यावर क्रमांक. रक्तस्राव होणारा पक्षी आधी, मग इतर. एक माणूस केवळ दूरध्वनी घेण्यासाठी. शस्त्रक्रियेच्या टेबलाजवळ उभ्या असलेल्याला कोणीही हाक मारावयाची नाही, असा दंडक होता.

शेवटचा मुद्दा मनाचा आहे. या दवाखान्यांत मृत्यू वारंवार येतो. काही वेळा असाध्य वेदनेतून सोडविण्यासाठी डॉक्टरांना तो स्वहस्ते द्यावा लागतो. आपल्या गुजरातेत अहिंसेचा संस्कार खोल आहे. अशा निर्णयाने कित्येक कर्मचाऱ्यांची झोप उडते. एका परिचराने मला विचारले होते, “साहेब, हे पाप कोणाच्या नावावर?” मी त्याला शास्त्रार्थ सांगितला नाही. त्या दिवशी डॉक्टर स्वतः त्याच्याजवळ बसले, त्या गाईचा कणा कसा मोडला होता ते त्याला सांगितले, आणि पुढे अशा प्रसंगी उपस्थित राहायचे की नाही हे त्याच्यावर सोपविले. तो आपण होऊन राहू लागला. गाईच्या कपाळावर हात ठेवून उभा राही. मालकांशी बोलतानाचे शब्दही आम्ही ठरविले होते. घरच्यासारख्या वाढविलेल्या कुत्रीविषयी ‘ते मेले’ असे कारकुनाने म्हणू नये. तिचे नाव केस पेपरवर असते, ते वाचून ‘राणी गेली’ असे म्हणावे. मराठीत नपुंसकलिंग आहे म्हणून ते प्रत्येक प्राण्याला लावलेच पाहिजे असे नाही.

आणि पगार. धर्मादाय संस्थांत सेवाभावाचे कौतुक फार होते आणि वेतन मात्र महिन्याच्या पंधरा तारखेला मिळते. सेवाभाव विश्वस्तांनी दाखवावा. कर्मचाऱ्याला एक तारखेला पगार आणि आठवड्याची सुटी मिळावी. गाईला रविवार नसतो हे खरे, पण म्हणूनच माणसाच्या रविवारची योजना आधी करावी लागते.

मित्रहो, आपल्या डॉक्टरांच्या पश्चात त्यांचे यंत्रसामान एका होतकरू पशुवैद्याकडे गेले. त्यांच्या कुटुंबीयांनी आणखी एक ठेवा या शाळेच्या ग्रंथालयाला दिला आहे: त्यांच्या दवाखान्यातील पाळीच्या वह्या. निरनिराळ्या हस्ताक्षरांत, तीन भाषांत, कोठे चित्रांच्या शिक्क्यांनी त्या भरलेल्या आहेत. प्रत्येक पानाच्या तळाशी डॉक्टरांची आद्याक्षरे आहेत, म्हणजे ते पान त्यांनी त्या दिवशी वाचले होते. परिचराने लिहिलेले कोणीतरी वाचणार आहे, हे परिचराला ठाऊक होते, म्हणून तो लिहीत राहिला. येथे बसलेल्या विद्यार्थ्यांपैकी कोणी पुढे दवाखाना, दुकान, शाळा किंवा कचेरी चालविली, तर त्यांनी एकदा त्या वह्या चाळून पाहाव्यात अशी माझी विनंती आहे. ग्रंथपालबाईंनी त्या वाचनकक्षात उपलब्ध करून देण्याचे मान्य केले आहे.